झाकण घट्ट लावावे, म्हणजे किती?

एखाद्या पुस्तकावर टीकालेख लिहिण्याची रीत आहे, तशी नियमावर लिहिण्याची नाही. नियम वाचतात ते वकील आणि निरीक्षक. आम्ही मात्र गेले काही महिने एक नियम पुस्तकासारखा वाचत होतो. धोकादायक पदार्थांच्या वेष्टनाचे तोंड कसे बंद करावे, एवढाच त्याचा विषय. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञसमितीच्या शिफारशी १९५६ साली प्रथम प्रसिद्ध झाल्या. मुखपृष्ठाच्या रंगावरून त्यांना 'नारंगी पुस्तक' म्हणतात, आणि दर दोन वर्षांनी त्यांत सुधारणा होतात. अमेरिकेच्या वाहतूक नियमांतील याच विषयाचे कलम त्यांच्याच वळणाचे आहे. ही दोन्ही आम्ही शेजारी ठेवून वाचली.

या वाचनामागे एक निमित्त घडले. आमच्या प्रयोगशाळेत नायट्रिक आम्लाच्या बाटल्यांचे एक खोके आले. ज्याने ते ट्रकमधून उतरवून जिन्याने वर आणले, त्या हमालाचा तळहात खोक्याच्या बुडाशी ओला झाला आणि थोड्याच वेळात पिवळा पडला. हात बराच वेळ वाहत्या पाण्याखाली धरला, दवाखान्यात नेले. कातडी गेली, हात वाचला. खोके उघडले तेव्हा एकही बाटली फुटलेली नव्हती. एका बाटलीचे टोपण मात्र दोन बोटांनी फिरत होते. पुरवठादाराला कळवले. उत्तर आले की माल निघताना टोपणे 'व्यवस्थित घट्ट' होती. आम्हाला ते खोटे वाटले नाही, आणि खरी अडचण नेमकी तिथेच आहे.

आता नियमाकडे वळू. नारंगी पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात असे: वाहतुकीच्या नेहमीच्या परिस्थितीत कंपनामुळे, अथवा तापमान, आर्द्रता आणि दाब यांच्या बदलामुळे आतला पदार्थ बाहेर पडू नये, अशा रीतीने वेष्टन बनवलेले आणि बंद केलेले असावे, आणि ते बंद करावे उत्पादकाने दिलेल्या माहितीप्रमाणे. अमेरिकन कलम याच अर्थाचे आहे. झाकण गळू नये आणि सैल होण्यापासून सुरक्षित असावे, असे ते सांगते. विमानाने जायचे असेल तर नुसत्या घर्षणाने बसलेले बूच चालत नाही, ते तारेने वा अन्य साधनाने जखडलेले हवे.

वाचायला रूक्ष असले तरी हे लिहिणाऱ्यांना पदार्थविज्ञान चांगले ठाऊक होते. प्रत्येक शब्दामागे एक धडा आहे. 'तापमान' हाच शब्द घ्या. दोनशे लिटरच्या पिंपात २० अंश सेल्सिअसला काठोकाठ अॅसिटोन भरले आणि उन्हात पिंप ५५ अंशांपर्यंत तापले, तर अॅसिटोनचे आकारमान जवळजवळ १० लिटरने वाढू पाहते. पाणी असते तर अडीच लिटर. पोलादाचे पिंपही प्रसरण पावते, पण पाव लिटरच्या आसपास. हे ज्यादाचे आकारमान जाणार कुठे? द्रव दाबला जात नाही असे आपण आठवीत शिकवतो. अगदी ताठर, पूर्ण भरलेल्या भांड्यात अॅसिटोनचा दाब दर अंशाला सुमारे दहा वातावरणांनी वाढेल. पिंपाचा पत्रा इतका ताठर नसतो, तो फुगतो. पण फुगण्यालाही मर्यादा आहे, आणि सर्वांत आधी हार मानते ते बूच. म्हणून ५५ अंशांनाही पिंप पूर्ण भरलेले असता कामा नये, अशी अट नारंगी पुस्तकात आहे. बाटलीच्या मानेखाली सोडलेली ती बोटभर रिकामी जागा म्हणजे कारखानदाराने मारलेले माप, असे आपल्यापैकी अनेकांना वाटत असते. ती जागा झाकणाचाच भाग समजावी.

'दाब' या शब्दाची गोष्ट मुंबईहून वेफर्सचे पाकीट घेऊन महाबळेश्वरला गेलेल्या कोणालाही माहीत आहे. पाकीट उशीसारखे फुगते. सुमारे १,३५० मीटरच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण १५ किलोपास्कलने कमी असतो. विमानाने जाणाऱ्या द्रवाच्या वेष्टनाने तर ९५ किलोपास्कलचा फरक सोसला पाहिजे, असा सर्वसाधारण दंडक आहे. बाटलीच्या तोंडाचा आतला व्यास २८ मिलिमीटर असेल तर एवढ्या फरकाने टोपणावर सुमारे ५८ न्यूटन, म्हणजे सहा किलोच्या वजनाइतके बल पडते. तोंड १०० मिलिमीटरचे असेल तर सुमारे ७५ किलोच्या वजनाइतके, म्हणजे झाकणाखाली एक पुरता वाढलेला माणूस खांदा लावून उभा आहे असे समजा. दाब तोच, फरक फक्त क्षेत्रफळाचा. घातक द्रवांच्या बाटल्यांची तोंडे अरुंद का, याचे उत्तर विद्यार्थी स्वतःच काढू शकतील.

'कंपन' हा शब्द आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण आमची बाटली बहुधा त्यानेच सैल केली. टोपण म्हणजे गुंडाळलेला उतार. उतारावरची वस्तू घर्षणाने थांबते, तसे आट्यांवर टोपण थांबते. एक सोपा प्रयोग करून पाहा. तिरप्या फळीवर नाणे असे ठेवा की ते घसरणार नाही. आता फळीला बाजूने, आडव्या दिशेने, हलक्या टिचक्या मारा. नाणे आडवे तर सरकतेच, पण हळूहळू उतारावरून खालीही येते. घर्षणाला एका वेळी एकाच दिशेने विरोध करता येतो. ते आडव्या सरकण्यात गुंतले की उताराकडे लक्ष द्यायला शिल्लक राहत नाही. बोल्ट आडव्या हालचालीने आपोआप सैल होतात हे गेरहार्ड युंकर यांनी १९६९ साली प्रयोगांनी दाखवले, त्यामागे हेच तत्त्व आहे. त्यात प्लॅस्टिकचे टोपण असेल तर आणखी एक भानगड. ताणाखाली राहिलेले प्लॅस्टिक आणि रबराची चकती काळाबरोबर शिथिल होतात. आज लावलेल्या टोपणाची पकड पुढच्या आठवड्यात तेवढी राहत नाही, कोणी हात लावला नसला तरी. पुरवठादार खोटे बोलत नसावा असे आम्ही म्हटले, ते यामुळे. टोपण निघताना घट्ट असेलही.

इथपर्यंत आमचे नियमाशी जमते. मतभेद पुढे आहेत.

नारंगी पुस्तकात वेष्टनांच्या चाचण्यांचे वेगळे प्रकरण आहे. पिंप भरून कठीण पृष्ठावर टाकून पाहायचे. धोक्याच्या श्रेणीप्रमाणे उंची १.८, १.२ अथवा ०.८ मीटर. पहिल्यांदा ते कडेवर तिरपे आपटायचे, दुसऱ्यांदा आधी न तपासलेल्या सर्वांत दुबळ्या भागावर, आणि उदाहरण म्हणून तिथे झाकणाचाच उल्लेख आहे. ही प्रामाणिक चाचणी आहे. गळतीसाठी आतून हवेचा दाब द्यायचा, सर्वांत घातक श्रेणीला ३० किलोपास्कल, इतरांना २०. द्रवासाठी पाण्याच्या दाबाची चाचणी आहे, थप्पीची आहे, प्लॅस्टिकच्या पिंपात पदार्थ सहा महिने साठवून पाहण्याची अट आहे. पण ज्या कंपनाचे नाव मूळ कलमात आवर्जून घेतले, त्याची चाचणी साध्या पिंपांच्या आणि खोक्यांच्या या प्रकरणात नाही! द्रव भरायच्या मोठ्या आयबीसी टाक्यांसाठी ती आली, तीही २०११ पासून बनणाऱ्या टाक्यांना. अमेरिकन नियमांनी ही उणीव आपल्यापुरती भरून काढली. तीन भरलेली वेष्टने तासभर थरथरत्या फलाटावर ठेवायची, फलाट २५.४ मिलिमीटर वरखाली होतो, आणि वेष्टन इतके उडले पाहिजे की त्याच्या बुडाखालून १.६ मिलिमीटर जाडीची पट्टी सरकवता यावी. चाचणी ओबडधोबड आहे, आणि आडव्या हालचालीबद्दल ती मौनच पाळते. तरीही असलेली बरी. उपदेशात एक गोष्ट सांगायची आणि परीक्षेत ती विचारायची नाही, याचा परिणाम काय होतो हे शिक्षकांना आम्ही सांगायला नको.

दुसरा आक्षेप 'उत्पादकाने दिलेल्या माहितीप्रमाणे' या शब्दांना आहे. तत्त्व निर्विवाद आहे. चाचणीत जे उत्तीर्ण झाले ते नुसते पिंप नव्हे. ते अमुक बूच, अमुक चकती आणि अमुक पिळाने आवळलेले पिंप. यातले काहीही बदलले की प्रमाणपत्र त्या पिंपाचे राहत नाही. अमेरिकन नियमांत पुढे असेही घातले गेले की बंद करण्याची कृती सुसंगत आणि पुन्हा तशीच करता येण्याजोगी असावी. हे वाक्य आम्हाला मनापासून आवडले. प्रयोगाचा निष्कर्ष दुसऱ्याला पुन्हा काढता आला तरच तो खरा, हा विज्ञानाचा नियम इथे पिंपाच्या बुचाला लागू झाला आहे.

पण हे शब्द पोहोचतात कुठपर्यंत? पोलादी पिंपाच्या मोठ्या बुचाला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटरचा पीळ द्यावा, असे माहितीपत्रकात असते. चकतीच्या पदार्थाप्रमाणे आकडा बदलतो. उघड्या तोंडाच्या पिंपाच्या कड्याचा बोल्ट थोडा आवळायचा, कड्याला भोवतीने रबरी हातोडीने ठोकायचे, म्हणजे चकती सर्वत्र सारखी बसते, आणि मग बोल्ट पुन्हा आवळायचा. न ठोकता आवळला तर पीळ बरोबर दिसतो आणि एका बाजूला फट राहते. हे शहाणपण कारागिराचे आहे. ते पत्रकात उतरले ही चांगली गोष्ट. ते पत्रक इंग्रजीत, कार्यालयाच्या फाइलमध्ये असते. पाना हातात असणाऱ्याला मुकादम सांगतो ते एवढेच, 'घट्ट लाव रे.' पीळ मोजणारा पाना महाग, म्हणून साधा पाना, आणि साध्या पान्याला लांबी वाढवायला नळीचा तुकडा. मग चकती चिरडते, आणि चिरडलेली चकतीही गळतेच.

आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नवव्या नियमाने धोकादायक माल नेणाऱ्या चालकाला प्रशिक्षणाची आणि लिहिता-वाचता येण्याची अट घातली, एक भारतीय भाषा आणि इंग्रजी. चालकाला वाचता आलेच पाहिजे, यात शंका नाही. पण चालकाच्या हाती येते ते बंद पिंप. ते ज्याने बंद केले त्याला काय वाचता येते, याची विचारपूस त्या नियमात नाही.

पत्रक आणि हात यांच्यामधल्या या अंतराने माणसे मेली आहेत. ३ नोव्हेंबर १९७३ रोजी पॅन अॅमचे एक मालवाहू बोइंग ७०७ न्यूयॉर्कहून स्कॉटलंडमधील प्रेस्टविककडे निघाले. विमानात इतर मालाबरोबर नायट्रिक आम्लाच्या काचेच्या बाटल्या होत्या, लाकडी खोक्यांत, भोवती लाकडाचा भुसा भरून. काही खोकी आडवी रचली गेली. वाटेत धूर दिसू लागला. बोस्टनला उतरण्याच्या प्रयत्नात विमान कोसळले आणि तिघेही कर्मचारी मरण पावले. धुराचा उगम निर्विवाद सिद्ध झाला नाही, पण गळलेले आम्ल आणि भुसा यांच्या अभिक्रियेतून हे घडले, असे चौकशी मंडळाचे मत पडले. बारावीच्या विद्यार्थ्याला हे समीकरणाशिवायही कळावे. नायट्रिक आम्ल हे तीव्र ऑक्सिडीकारक, भुसा म्हणजे सेल्युलोज. उष्णता आणि तपकिरी वायू हे ठरलेलेच. ज्या भुशाने बाटली सांभाळायची, तोच टोपण गळताच इंधन झाला. अमेरिकेचा धोकादायक माल वाहतुकीचा मूळ कायदा जानेवारी १९७५ मध्ये झाला, त्याआधीच्या चर्चेत हा अपघात ताजा होता.

दुसरी घटना ११ मे १९९६ ची. व्हॅल्यूजेटचे ५९२ क्रमांकाचे विमान मायामीहून उडाल्यावर थोड्याच मिनिटांत फ्लोरिडाच्या दलदलीत कोसळले आणि आतील सर्व ११० माणसे गेली. मालाच्या कप्प्यात पाच खोक्यांत जुनी रासायनिक प्राणवायू-जनित्रे होती, सोडियम क्लोरेटची. त्यांच्या चाप-यंत्रणेवर प्लॅस्टिकची सुरक्षा टोपणे बसवावीत, ही सूचना कामाच्या कागदावर छापलेली होती. टोपणे दुरुस्ती-शाळेत उपलब्ध नव्हती. कागदावर सह्या झाल्या, आणि माल पाठवण्याच्या पावतीवर जनित्रे 'रिकामी' असल्याचे लिहिले गेले. ही टोपणे बाटलीच्या झाकणासारखी गळती अडवणारी नव्हती, हे खरे. पण नियमात शब्द आहेत, कागदावर सही आहे आणि वस्तूवर टोपण नाही, याचे याहून भीषण उदाहरण आम्हाला माहीत नाही. अशा वेळी 'कामगारांचा निष्काळजीपणा' असे म्हणून मोकळे होण्याची सवय आपल्याला आहे. टोपण जवळ नसताना ते लावा म्हणणाऱ्या कागदाला काय म्हणावे?

तिसरा आक्षेप नियमावर नाही, आमच्यासारख्या शिकवणाऱ्यांवर आहे. प्रयोगवहीत आपण सांगतो, 'बाटलीचे झाकण घट्ट लावावे.' हे वाक्य अपुरे आहे आणि कधीकधी चुकीचेही. सोडियम हायड्रॉक्साइडच्या बाटलीला काचेचे बूच घट्ट लावले तर काचेशी अभिक्रिया होऊन ते कायमचे चिकटते. तिथे रबरी बूच हवे. तेच रबरी बूच तीव्र नायट्रिक आम्लावर लावले तर आम्ल ते खाऊन टाकते. हायड्रोजन पेरॉक्साइडचे हळूहळू विघटन होऊन प्राणवायू सुटत राहतो, म्हणून त्याच्या टोपणाला वायू जाऊ देणारे छिद्र असते. एखादा नीटनेटका शिक्षक ते छिद्र मेणाने बुजवतो, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर कपाट उघडतो तेव्हा बाटली फुटलेली असते. नियमांनीही ही सवलत ओळखली आहे. सुटणारा वायू घातक नसेल तर काही अटींवर झाकणाला श्वास घेऊ देतात. तात्पर्य, झाकणाचा विचार पदार्थापासून सुरू करावा लागतो.

आपल्या घरांत हे ज्ञान नव्हते असे नाही. लोणच्याच्या बरणीला झाकण, त्यावर दादरा, त्यावर आवळून दोरी. बरणी काठोकाठ भरायची नाही हेही आजीला ठाऊक होते. गॅसच्या सिलिंडरच्या झडपेवर टोपी असते, दोरीने तिथेच बांधलेली, म्हणजे ती हरवायची सोय नाही. मायामीच्या दुरुस्ती-शाळेत जी वस्तू मिळाली नाही, ती इथे सिलिंडरलाच बांधून ठेवली आहे! झडप गळत असेल तर ती टोपी दाबून बसवायची असते. आपल्यापैकी किती जण रेग्युलेटर लावल्यावर ती जपून ठेवतात, हे ज्याचे त्याने पाहावे.

शाळेत करून पाहण्याजोगे एक काम सुचवतो. आटे असलेल्या टोपणाची रिकामी बाटली घ्या, सुमारे ४ सेंटिमीटर व्यासाच्या टोपणाची. टोपणाभोवती मजबूत दोरा असा गुंडाळून चिकटवा की तो ओढला की टोपण उघडेल. दोऱ्याच्या टोकाला ताणकाटा लावा, बाटली घट्ट धरा आणि टोपण फिरू लागेल त्या क्षणीचा आकडा वाचा. बल गुणिले त्रिज्या म्हणजे पीळ. २ सेंटिमीटर त्रिज्येवर ५० न्यूटन म्हणजे १ न्यूटन-मीटर. आता वर्गातल्या दहा मुलांना पाळीपाळीने सांगा, 'टोपण घट्ट लाव', आणि एवढेच सांगा. दहा आकडे फळ्यावर लिहा. आम्ही आमच्या प्रयोगशाळेत हे केले तेव्हा आकडे इतके विखुरले की सरासरी काढण्यात अर्थ राहिला नाही, आणि आमचे दोन पीएच.डी. सहकारी दोन टोकांना होते. नंतर टोपणावर आणि बाटलीच्या मानेवर रंगाची एकेक खूण केली आणि 'खुणेला खूण येईपर्यंत फिरव' असे सांगितले. विखुरणे लगेच कमी झाले. चार रुपयांचा रंग लागला. काही बाटल्या लावून झाल्यावर तशाच आठवडाभर ठेवल्या आणि मग पीळ मोजला. आकडा उतरलेला होता.

त्या हमालाला आम्ही ही खूण दाखवली. तो म्हणाला, साहेब, ही खूण खोक्याच्या बाहेरून दिसली असती तर मी उचललंच नसतं. बाटल्या खोक्याच्या आत असतात, आणि खूण बाहेरून दिसायची कशी, याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. नारंगी पुस्तकात आम्ही ते शोधले, तिथेही नाही. आता आमच्या मागणीपत्रात आम्ही एक ओळ घालतो: खोक्याच्या तळाशी, बाहेरून दिसेल असा, आम्लाने रंग बदलणाऱ्या कागदाचा पट्टा चिकटवून पाठवावा. दोन पुरवठादारांनी नकार कळवला. एकाने पाठवला, तो वाटेतल्या पावसाने निघून गेला होता.